तारखेसाठी लावलेली बाग

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या छोट्याशा बागेत आपण शिरतो. फार तर पंधरा-वीस झाडं, चार बाक, मधून गेलेली एक पाऊलवाट, कोपऱ्यात मुलांची घसरगुंडी. फाटकापाशी गुडघ्याएवढ्या उंचीचा एक दगड असतो. त्यावर कोरलेलं असतं, ‘राष्ट्राच्या शंभराव्या वर्षानिमित्त’. कुठे पन्नासाव्या, कुठे दोनशेव्या. त्याखाली साल. ऊन-पावसानं अक्षरं बुजत आलेली असतात, बोट फिरवलं तर कळतात. बहुतेकदा आपण ते बोट फिरवत नाही, कारण मूल घसरगुंडीकडे धावलेलं असतं आणि आपण त्याच्या मागे.

आज मला त्या दगडाबद्दल आणि त्याच्या आसपासच्या झाडांबद्दल बोलायचं आहे. माझी हयात बागकामात गेली. अशा बागा लागताना मी पाहिल्या, रुजताना पाहिल्या, आणि समारंभानंतर दोन उन्हाळ्यांत करपून गेलेल्याही पाहिल्या. हे करपणं माझ्या जिवाला लागतं. कारण ती बाग लावताना गावातल्या माणसांनी मनापासून काहीतरी ठरवलेलं असतं, आणि ते वाया जाण्यासारखं मुळीच नसतं.

राष्ट्राच्या वाढदिवसाला बागा लावायचा सगळ्यात मोठा उद्योग जिथे झाला, त्यात कॅनडाचं नाव घ्यावं लागेल. १ जुलै १८६७ रोजी ब्रिटिशांच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहती एकत्र येऊन चार प्रांतांचं कॅनडा तयार झालं. त्याची शंभरी आली १९६७ साली. राजधानीत मोठाले सोहळे झालेच, माँट्रियलला जागतिक प्रदर्शन भरलं. पण मला त्या वर्षातली सगळ्यात सुंदर वाटते ती एक साधी तरतूद. केंद्र सरकारनं सांगितलं, तुमच्या गावात माणसं किती? माणशी एक डॉलर आम्ही देऊ. तेवढाच प्रांतानं घालायचा, आणि निदान तेवढाच गावानं स्वतः उभा करायचा. त्यातून कायम टिकेल असं काहीतरी करा. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

सहाशे वस्तीचं गाव घ्या. सहाशे, सहाशे आणि सहाशे, म्हणजे अठराशे डॉलर. त्या काळातही एवढ्यात काही मोठी इमारत उभी राहत नव्हती. पण गावाच्या मधोमध पडून असलेली एखादी जागा साफ करून, माती आणून, झाडं लावून, बाक ठेवून एक बाग नक्की होत होती, आणि अंगमेहनत गावकऱ्यांची असली तर चांगली होत होती. देशभरात या योजनेतून दोन हजारांहून जास्त कामं झाली. वाचनालयं झाली, सभागृहं झाली, बर्फावरच्या खेळांची मैदानं झाली आणि बागा झाल्या. आजही कॅनडाच्या कुठल्याही भागात गेलात तर ‘सेंटेनियल पार्क’ या नावाची बाग भेटल्याशिवाय राहत नाही.

लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे शंभरी साजरी केली. मॅनिटोबातल्या बाउझमन नावाच्या गावात सांडपाण्याची नवी व्यवस्था झाली होती, तर तिथल्या लोकांनी जुने लाकडी संडास एकत्र आणून पेटवून दिले. अल्बर्टातल्या सेंट पॉल गावानं उडत्या तबकड्यांना उतरायला तळ बांधला, तो आजही आहे. मला या दोन्ही गावांबद्दल सारखाच आदर वाटतो. वरून आलेला नकाशा गावात बसवण्यापेक्षा गावानं स्वतः ठरवलेलं काम जास्त जगतं, असा माझा अनुभव आहे. बागेच्या बाबतीत तर फारच. ज्यानं खड्डा खणला त्याला त्या झाडाची आठवण राहते. जाता-येता तो मान वळवून बघतो.

पण त्या माणशी डॉलरमध्ये एक गोष्ट नव्हती. पैसे कायमची वस्तू उभी करायला होते. ती पुढं सांभाळायची कुणी, हे गावाच्या अंगावर होतं. हे फक्त तिथलं नाही, जगभर असंच चालतं. तारखेच्या नावानं जागा मिळते, मंजुरी मिळते, पैसा मिळतो, बँड मिळतो. पुढच्या वर्षी मात्र त्या तारखेचा आकडा एकशे एक होतो, आणि एकशे एकासाठी कोणी काही मंजूर करत नाही. झाडाला तर खरी गरज एकशे एकाव्या, एकशे दोनाव्या वर्षीच असते.

का, ते सांगतो. रोपवाटिकेतल्या जमिनीतून जरा मोठं झाड उकरून काढतात, तेव्हा त्याची बहुतांश मुळं मागेच राहतात. मातीच्या गोळ्याबरोबर येतात ती थोडीच. वर पानं तेवढीच, खाली मुळं कमी, अशा अवस्थेत ते झाड नव्या जागी उभं असतं. थंड हवेच्या देशांतल्या झाडांच्या जाणकारांचा एक ढोबळ हिशेब आहे. खोडाच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागतं मुळं पुन्हा भरून यायला. म्हणजे समारंभात शोभून दिसावं म्हणून चार इंच जाडीचं झाड आणलं, तर चार वर्षं ते सावरण्यातच घालवणार. शेजारी अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप लावलं तर ते पहिल्या-दुसऱ्या वर्षीच जोर धरतं, आणि पुष्कळदा दहा-बारा वर्षांत त्या मोठ्या झाडाला गाठतं. फोटोत मात्र मोठं झाड चांगलं दिसतं. म्हणून समारंभाला मोठं झाड येतं.

दुसरी गोष्ट ऋतूची. राष्ट्राचा वाढदिवस इतिहासानं ठरवलेला असतो आणि लागवडीचा दिवस मातीनं. या दोघांची गाठ पडेलच असं नाही. कॅनडाची १ जुलै भर उन्हाळ्यात येते. फ्रान्सची १४ जुलै तशीच. ऑस्ट्रेलियाची २६ जानेवारी म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचा मध्य. पानगळीच्या झाडाला हलवायचं ते पानं फुटण्याआधी किंवा पानं गळल्यानंतर, झाड झोपेत असताना. भर उन्हात पाहुण्यांच्या हातून लावलेलं रोप संध्याकाळपर्यंत माना टाकतं, आणि पाहुणे गाडीत बसलेले असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तारखेला समारंभ करा, भाषणं करा, दगड उघडा. झाड मात्र त्याच्या ऋतूत लावा. आधी लावून ठेवलं तर आणखी चांगलं, समारंभाच्या दिवशी ते रुजलेलं असेल.

हे शहाणपण दोनशे वर्षांपूर्वीही होतं. फ्रान्समध्ये क्रांतीच्या दिवसांत गावोगाव ‘स्वातंत्र्यवृक्ष’ लावायची प्रथा पडली. १७९० साली सँ-गोदाँ नावाच्या गावच्या नॉर्बेर प्रेसाक या पाद्र्यानं ओकचं रोप लावलं, ते पहिल्या काही झाडांपैकी मानलं जातं. पुढे हजारो गावांत झाडं लागली. काही ठिकाणी पॉप्लर लावला, कारण लॅटिनमध्ये त्याचं नाव ‘पॉप्युलस’, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘जनता’. नाव मोठं छान जुळलं, पण घाईत लावलेली पुष्कळ झाडं वाळून गेली. तेव्हा १७९४ च्या जानेवारीत तिथल्या राष्ट्रीय सभेनं हुकूम काढला. ज्या गावातला स्वातंत्र्यवृक्ष मेला असेल त्या गावानं जर्मिनाल महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत नवा लावावा. त्यांच्या नव्या पंचांगातला जर्मिनाल म्हणजे अंकुरांचा महिना, आणि त्याची पहिली तारीख आपल्या २१ मार्चला येते. पानं फुटायच्या अगदी तोंडावर. झाड जपण्याची जबाबदारीही त्या हुकमात नागरिकांवर सोपवली होती. सगळीकडे उलथापालथ चाललेली असताना कुणीतरी वाळलेल्या झाडांची दखल घेतली, आणि नवं कधी लावायचं हेही नीट ठरवलं. हे वाचलं की त्या अनाम माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

आता जवळून एक गोष्ट दाखवतो. अशाच एका बागेत मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. बागेचं नाव-गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. झाडं हाताच्या मनगटाएवढी झाली होती. प्रत्येकाच्या दोन बाजूंना आधाराच्या काठ्या होत्या, आणि खोडाला रबरी नळीच्या तुकड्यातून ओवलेली तार. लावताना ते बरोबरच होतं, वाऱ्यानं रोप हलू नये म्हणून. पण काठी एका वर्षानं काढायची असते. ती कुणी काढलीच नव्हती. रबर ऊन खाऊन फुटून गेलं होतं आणि तार सालीत रुतली होती. झाडानं बिचाऱ्यानं दोन्ही बाजूंनी साल वाढवून ती तार गिळायला घेतली होती. तारेच्या वर खोड जाड झालं होतं, खाली बारीक. मी खिशातली पकड काढून एकेक तार कापत गेलो. अकरा झाडांच्या निघाल्या. दोन झाडांत ती इतकी आत गेली होती की हात लावायची सोय उरली नव्हती. त्या दोघांना मी तसंच ठेवलं. पुढच्या जोराच्या वाऱ्यात ती त्याच जागी मोडणार, हे दिसत होतं.

तार काढायला पैसा लागत नाही. आठवण असलेला एक माणूस आणि एक पकड लागते. समारंभाच्या यादीत हार, माईक, खुर्च्या, चहा सगळं लिहिलेलं असतं. त्याच कागदावर ‘एका वर्षानं काठ्या आणि तारा काढणे’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे एका माणसाचं नाव असतं, तर ती दोन झाडंही वाचली असती.

झाडं कुठली लावायची, याचंही एक दुःख कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या बागांनी पाहिलं. तिथल्या रस्त्यांवर पूर्वी एल्मची झाडं असत, दोन्ही बाजूंनी कमान धरणारी. विसाव्या शतकात एका बुरशीच्या रोगानं ती रांगेनं मेली. मग त्यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी ॲश लावले गेले. शहरातली निकृष्ट माती सोसणारं, भराभर वाढणारं, स्वभावानं गरीब झाड. बागांमध्येही ॲशच्या रांगा लागल्या. आणि २००२ साली पूर्व आशियातून आलेला एक हिरवा, चमकदार भुंगा अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आणि सीमेपलीकडे कॅनडातल्या ऑन्टारिओत सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा रस वाहणारा थर खातात. झाड वरून वाळत येतं आणि काही वर्षांत मरतं. तेव्हापासून कोट्यवधी ॲश गेले. जिथे वीसच्या वीस झाडं ॲशची होती तिथे बागेत नुसते बुंधे उरले. ज्या बागांत पाच-सहा जातींची झाडं मिसळून लावली होती त्यांनी चार झाडं गमावली आणि सावली राखली. छोट्या बागेला एकसारख्या झाडांची रांग उठून दिसते, मान्य आहे. पण राष्ट्राच्या नावानं लावलेली बाग एका किड्याच्या भरवशावर ठेवू नये, असं मला फार वाटतं.

घाई हाही या बागांचा जुना सोबती. ब्रुसेल्समध्ये बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या पन्नाशीसाठी एक मोठं उद्यान आखलं, त्याचं नावच ‘सँकान्तनेर’, म्हणजे पन्नासावं वर्ष. १८८० साली तिथे प्रदर्शन भरलं तेव्हा मधली भव्य कमान तयार नव्हती, तर लाकडी फळ्यांनी रूप देऊन वेळ मारून नेली. ती कमान दगडात पुरी झाली १९०५ साली, म्हणजे पंच्याहत्तरीला. तोवर तिचे पहिले स्थपती गिदियों बोर्दियो वारलेही होते. आज ब्रुसेल्सचे लोक त्या हिरवळीवर दुपारी पाय पसरून बसतात. कमान पंचवीस वर्षं उशिरा झाली याची त्यांना काहीच खंत नसावी. बाग उशिरा झाली तरी बिघडत नाही.

छोट्या बागेत माणसं बसतात कुठे, याकडे मी फार बारकाईनं बघतो. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट नावाच्या निरीक्षकानं चौकांवर आणि छोट्या मोकळ्या जागांवर कॅमेरे लावून हेच पाहिलं. त्याला दिसलं की जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. ऐकायला साधं आहे, पण कितीतरी जागा सुंदर असून रिकाम्या होत्या, कारण टेकायला काही नव्हतं. त्याला आणखी एक दिसलं. सुटी खुर्ची असली की माणूस बसण्याआधी ती जरा सरकवतो. इंच-दोन इंच का होईना. त्या सरकवण्यात ‘ही जागा आता माझी’ असं काहीतरी असतं. याच शहरात १९६७ साली उघडलेली पेली पार्क नावाची एक जागा आहे, दोन इमारतींच्या मधल्या बोळकांडीएवढी, जेमतेम ४,२०० चौरस फूट. मागच्या भिंतीवरून पडणारं पाणी, काही झाडं आणि सुट्या खुर्च्या. शहरात त्या जागेवर लोकांचा जीव आहे.

स्मारकाच्या बागेत मात्र बाक अनेकदा दगडासमोर, उन्हात, एका रांगेत मांडलेले असतात, जणू सगळ्यांनी जन्मभर त्या दगडाकडेच बघत बसावं. बाकाला पाठ नसते, हात टेकायला दांडी नसते. म्हातारा माणूस बसतो आणि उठताना त्याला आधार मिळत नाही. मग तो पुन्हा येत नाही. पाठ असलेला, दोन्ही बाजूंना दांड्या असलेला एक बाक झाडाच्या सावलीत, घसरगुंडी दिसेल असा ठेवा. नातवंडांना घेऊन आलेली आजी तिथे बसेल. राष्ट्राची शंभर वर्षं या दोघांइतकी नीट कुणी सांगणार नाही, एकानं मागची बरीचशी पाहिली आहेत आणि दुसरा पुढची पाहणार आहे.

आता त्या दगडावरच्या शब्दांबद्दल. हे जरा जड आहे, पण टाळून चालणार नाही.

१ जुलै १९६७ या दिवशी, देशभर आनंदीआनंद चालू असताना, व्हँकूवरच्या एम्पायर स्टेडियममध्ये चीफ डॅन जॉर्ज उभे राहिले. कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी एक नेते, पुढे नट म्हणूनही जगाला माहीत झाले. समोर बत्तीस हजार माणसं होती. त्यांनी शुभेच्छांचं भाषण केलं नाही. ज्या शंभर वर्षांचा हा उत्सव आहे त्या शंभर वर्षांत आमच्या लोकांचं काय झालं, नद्या-जंगलं कशी हातची गेली, आमच्या वाट्याला लाज आणि गप्प बसणं कसं आलं, हे त्यांनी सांगितलं. आणि शेवटी, आम्ही पुन्हा उभे राहू, हेही सांगितलं. स्टेडियम स्तब्ध झालं होतं. ऑस्ट्रेलियातही तेच. १९३८ साली वसाहतीच्या दीडशे वर्षांचा सोहळा होत असताना सिडनीत तिथल्या आदिवासी नेत्यांनी तोच २६ जानेवारी ‘शोकदिन’ म्हणून पाळला.

एखाद्या छोट्या बागेच्या दगडावर हे सगळं मावणार नाही. पण ज्या जागेवर बाग होते ती जागा त्या तारखेच्या आधीही होती. तिथून ओढा वाहत असेल, कुणाची वस्ती असेल, तिला जुनं नाव असेल. ते नाव शोधून दगडावर पहिल्या ओळीत कोरावं, मग साल, मग निमित्त. समारंभाला हजर असलेल्या मानकऱ्यांची नावं दगडावर नकोत, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा झाडांची नावं लिहावीत. कुठल्या जातीचं झाड कुठे आहे, हे मुलांना वाचता येईल आणि पन्नास वर्षांनी एखादं पडलं तर त्या जागी काय होतं ते कळेल.

कॅनडातल्या काही गावांनी १९६७ साली बागेत किंवा नगरभवनाच्या आवारात पेट्या पुरून ठेवल्या. शाळेतल्या मुलांची पत्रं, वर्तमानपत्रं, फोटो. त्या २०६७ साली उघडायच्या आहेत. त्या पत्रांत कुणी सांगून ठेवलं असेल का, की पश्चिमेकडच्या तिसऱ्या झाडाला पाणी जरा जास्त लागतं? बहुधा नसेल. मुलांनी रॉकेटबद्दल लिहिलं असेल. तुम्ही कधी अशी पेटी पुरणार असाल, तर तिच्यात झाडांचा एक नकाशाही ठेवा आणि त्याची दुसरी प्रत बागेची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला द्या. त्या प्रतीच्या मागे पहिल्या तीन उन्हाळ्यांतल्या पाण्याच्या पाळ्या लिहा. सोमवारी कोण, गुरुवारी कोण, आणि ते परगावी गेले तर त्यांच्याऐवजी कोण.

नमस्कार.